लाडोबा, टोपली आणि मी नोंदींचा तक्ता

मी नोंदींचा तक्ता बोलतोय. तुम्ही मला पाहिलेलं नाही आणि पाहावंसं कुणाला वाटतही नाही, हे मला ठाऊक आहे. तरी ऐका.

औषधांचं एक दुकान आहे. दुकानावर पोटमाळा. तिथे खोक्यांच्या थप्प्यांमधे एक यंत्र दिवसभर घरघरत बसलेलं असतं. त्या यंत्राच्या पोटात डेटाबेस नावाचं आमचं घर आहे, आणि त्या घरात आम्ही आखलेले तक्ते राहतो. एक तक्ता औषधांचा, एक गिऱ्हाइकांचा, एक ऑर्डरींचा. आणि सगळ्यात शेवटी, मोरीच्या बाजूला म्हणा, मी.

माझं काम साधं आहे. दुकानाची एक वेबसाइट आहे. लोक घरबसल्या मोबाइल काढतात, तिच्यावर येतात, औषध शोधतात, बटण दाबतात, नाहीतर कंटाळून निघून जातात. कोण आलं, कधी आलं, काय केलं आणि त्याला किती वेळ लागला, हे मी लिहून ठेवतो. प्रत्येकाची एक ओळ. मला कुणाची दया येत नाही आणि मी कुणाचं कौतुकही करत नाही. आला म्हणजे आला, गेला म्हणजे गेला.

पण मी जळतो. आता या वयात लपवायचं कशाला? ऑर्डरींच्या तक्त्यावर मी पहिल्या दिवसापासून जळतो. त्याला मी लाडोबा म्हणतो.

आम्ही दोघं एकाच दुपारी, एकाच हातून झालो. दुकान दोन भावांचं. थोरला काउंटरवर उभा राहतो, धाकटा स्कूटरवरून औषधं पोचवतो. धाकट्याच्या बायकोला सगळे धाकटीच म्हणतात. ती संगणक शिकून आलेली, वेबसाइट तिनेच बांधली. त्या दुपारी लाडोबाला घडवताना तिने काय काय केलं म्हणता? एक एक रकाना आखायची, पुसायची, पुन्हा आखायची. नवऱ्याला हाक मारून विचारायची, "पत्त्यात मजल्याचा वेगळा रकाना ठेवू का रे? तू जिने चढून दमतोस." बाळाला अंगडं शिवावं तसं चाललं होतं. मग चहा प्यायली, आळस दिला, यंत्र बंद करायला हात पुढे केला आणि म्हणाली, "अगं बाई, नोंदींचं राहिलंच."

आणि मला उरकलं. हो, उरकलं. भाजी निवडून झाल्यावर देठं एका बाजूला सारतात ना, तसा माझा जन्म.

पुढेही तेच. सकाळी कुलूप उघडलं की सगळे लाडोबाकडे. "आज किती आल्या?" "दुपारी किती झाल्या?" थोरला तर जेवताना घास हातात धरून खालून ओरडायचा, "धाकटे, ऑर्डरी बघ गं जरा." मला कुणी बघ म्हणालं नाही. आणि खरं सांगू का, माणसं बघायची असतील तर माझ्याकडे या. लाडोबाला काय कळतं? अमुक गोळ्या, तमुक मलम, पत्ता. बस. एक गृहस्थ रोज सकाळी केस उगवायच्या तेलाचं पान उघडतात आणि मागे कुणी उभं असल्यासारखं चटकन बंद करतात, हे मला माहीत आहे. एक बाई लेकराच्या खोकल्याचं औषध शोधतात, मग झोपेचं शोधतात, ते स्वतःसाठी. घेत काहीच नाहीत. काही न घेणाऱ्या माणसाला लाडोबा ओळखतसुद्धा नाही.

माझी एकच मिजास होती, तीही सांगतो. वेबसाइटवर कुणी काहीही करो, त्याला आधी माझ्या दाराशी थांबावं लागे. धाकटीने रचनाच तशी केली होती. माणसाने बटण दाबलं की सगळं काम जागच्या जागी थांबायचं. मी ओळ लिहायचो, "झालं" म्हणायचो, मग गाडी पुढे. लाडोबा केवढाही लाडका असो, माझ्या होकाराशिवाय त्याच्या ताटात ऑर्डर पडत नव्हती. मी काही घाई करायचो नाही. का करू?

शिवाय माझ्या अंगावर दागिने होते. शोधायला सोपं जावं म्हणून धाकटीने माझ्या प्रत्येक रकान्याला खुणांची एकेक पट्टी जोडली होती. संगणकवाले तिला इंडेक्स म्हणतात. एक ओळ लिहिली की प्रत्येक पट्टीवर तिची खूण करत बसायचं. वेळ जायचा, पण थाट होता. लाडोबाच्या अंगावर दोन पट्ट्या, माझ्या अंगावर चांगल्या गळाभर.

खाली थोरला कुरकुर करायचा. "साइट रेंगाळतेय. संध्याकाळी तर नुसतं चक्र फिरत बसतं. लोक फोन करून शिव्या घालतात."

"लोकांचं नेट हळू असेल, भाऊजी," धाकटी म्हणायची.

नेट कसलं हळू! दाराशी रांग लागायची ती माझ्या. मी ऐकून घ्यायचो आणि गप्प बसायचो.

आता एक गाठ सांगायची राहिली. सगळी भानगड तिच्यातून झाली. धाकटीने विचार केला, नोंद आणि ऑर्डर यांचा मेळ कधी चुकू नये. म्हणून तिने ऑर्डर आणि तिची माझ्यातली ओळ एकमेकींना बांधून टाकली. दोघी झाल्या तर दोघी, नाहीतर एकही नाही. ऐकायला किती शहाणपणाचं वाटतं. पण त्याचा अर्थ बघा. ऑर्डर मधेच फसली, की ती तर जायचीच, पण तिच्याबरोबर मी लिहिलेली ओळही पुसली जायची. मी लिहिलेलं असायचं, शाई वाळायच्या आत फडकं फिरायचं, आणि मग मीच कोरा. म्हणजे माझ्याकडे बघणाऱ्याला वाटावं, या दुकानात कधी काही बिघडतच नाही. लाडोबासाठी माझ्या अंगावरून फडकं फिरवायचं, हा कुठला न्याय?

ही गाठ कुणाच्या मुळावर आली, तर कवायतबाईंच्या.

कवायतबाई म्हणजे शाळेत कवायत शिकवून निवृत्त झालेल्या आजी. आवाज असा, की त्या खाली दुकानात बोलल्या तरी पोटमाळ्यावर धूळ उडते. एकट्या राहतात. हृदयाच्या गोळ्या चालू आहेत. मोबाइलवर ऑर्डर द्यायला शिकल्या आणि त्याचा त्यांना फार अभिमान. एकदा संध्याकाळी त्या दुकानात आल्या.

"गोळ्या का आल्या नाहीत? परवा बटण दाबलंय मी."

थोरला म्हणाला, "ऑर्डर आलेलीच नाही, आजी."

"आली नाही कशी? दाबलं म्हणते ना."

थोरल्याने वर हाक मारली. धाकटीने आधी लाडोबाला विचारलं. तो नाही म्हणाला. मग, किती दिवसांनी, ती माझ्याकडे आली. माझी छाती फुगली. आणि दाखवायला माझ्याकडे काय होतं? त्या आल्याची ओळ होती. गोळ्यांचं पान उघडल्याची ओळ होती. बटणाची नव्हती. ती फडक्याखाली गेलेली.

धाकटी जिन्यात येऊन म्हणाली, "आजी, तुम्ही पान उघडलंत आणि बटण न दाबताच गेलात. इथे स्पष्ट दिसतंय."

मग कवायतबाई म्हणाल्या, "असं दिसतं काय," आणि गोळ्या घेऊन निघून गेल्या. त्यांचा आवाज इतका खाली आलेला मी पहिल्यांदाच ऐकला.

पुढे पुन्हा तसंच झालं, आणि पुन्हा. दर वेळी माझ्याकडे तेच अर्धं. शेवटी थोरल्याने चांगल्या मनाने त्यांच्या मुलाला फोन केला. मुलगा परगावी गाड्यांच्या काचा बसवतो. "आईंना जरा विसरायला होतंय. हृदयाच्या गोळ्या आहेत, म्हणून कळवलं." मुलगा दोन दिवसांत हजर. आईला घेऊन थेट पोटमाळ्यावर आला. धाकटीने त्याला माझ्या ओळी दाखवल्या.

"बघ आई. आलीस, पान उघडलंस, गेलीस. दर वेळी हेच."

"मी दाबलं होतं."

"यंत्र खोटं बोलतंय का?"

"मी कुठे म्हणते खोटं बोलतंय? मी म्हणते, मी दाबलं होतं."

"उद्या गॅस चालू ठेवून विसरशील. मला तिकडे झोप लागत नाही, आई. या महिन्याअखेरीला तू माझ्याकडे चल. घराला कुलूप लावू."

"तुझ्या घरात माझी खिडकी कुठली?"

"खिडकी काय, बघू."

"बघू म्हणजे नाही. तिकडे सकाळी उठून मी कुठे जाऊ? कुणाला ओळखते मी?"

मुलगा वाईट नव्हता. घाबरलेला होता. पण या भीतीला खांदा माझा मिळाला होता. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी लाडोबाला सोडून माझं मानलं, ते एका म्हातारीला घराबाहेर काढायला. हे मला पचलं नाही. हक्क मागत होतो मी, असली चाकरी नव्हती मागितली.

जिना उतरता उतरता कवायतबाई वळल्या. "मुली, तू एकदा माझ्या घरी ये. शेजारी बस आणि बघ. मग काय ते म्हण."

"आजी, कामं..."

"संध्याकाळी ये. मी संध्याकाळीच दाबते, मालिका सुरू व्हायच्या आधी."

धाकटी गेली. मला वाटतं, म्हातारीच्या खाली आलेल्या आवाजाने तिला हलवलं. इथे यंत्रापाशी तिने धाकट्याला बसवलं होतं. तो फोन टेबलावर ठेवून, बिस्किटाचा पुडा फोडून, माझ्यासमोर बसला. फोनमधून सगळं ऐकू येत होतं, अगदी कवायतबाईंच्या घरातलं घड्याळसुद्धा.

"नोंदी उघडल्यास का रे?"

"उघडल्या."

"तोंडात काय आहे?"

"बिस्किट."

"खाली सांडू नकोस, कळफलकात जातं. आजी, दाबा."

थोडा वेळ गेला. "चक्र फिरतंय," धाकटी म्हणाली. आणखी वेळ गेला. "अजून फिरतंय."

"असंच फिरतं ते," कवायतबाईंचा आवाज. "मी तोवर कणीक मळून घेते."

तेव्हा माझ्याकडे काय चाललं होतं ते मी सांगतो. संध्याकाळची वेळ, दाराशी ही रांग. मी लिहितोय, पट्ट्यांवर खुणा करतोय. त्यांची पाळी आली, मी ओळ लिहिली, खुणाही करत आणल्या. पण तोवर वेळ संपली होती. वेबसाइटने वाट बघून बघून हात झटकले. ऑर्डर गेली. फडकं आलं.

"काहीतरी चुकलं, पुन्हा प्रयत्न करा," धाकटीने वाचलं. "अहो आजी, हे येतं तुम्हाला? सांगितलं नाहीत कधी."

"तू विचारलंस कधी? मला वाटलं माझंच काहीतरी चुकलं. तिथे तसंच लिहिलंय."

"बरं. नोंद बघ रे."

"पान उघडल्याची आहे," धाकटा म्हणाला.

"बटणाची?"

"नाही."

"नीट बघ."

"नीटच बघतोय. नाहीये."

"अरे, माझ्या डोळ्यांदेखत दाबलं त्यांनी. मी शेजारी बसलेय."

तिकडून कवायतबाई म्हणाल्या, "आता तूही विसरायला लागलीस का गं?"

धाकटा हसला. धाकटी हसली नाही. मग ती हळू म्हणाली, "गाठ. ऑर्डर फसली की नोंदही जाते. आजी, तुम्ही दर वेळी दाबलं होतंत."

"ते मी पहिल्यापासून सांगतेय," कवायतबाई म्हणाल्या. "बस आता. चहा घेऊन जा."

दुसऱ्या दिवशी धाकटीने मुलाला फोन लावला, माझ्यासमोर बसूनच. "तुमच्या आई विसरल्या नव्हत्या. आमच्या नोंदी अर्ध्याच होत्या. चूक माझी."

"पण आज नाही तर उद्या विसरेलच ना ती."

"उद्याचं उद्या बघा. आज त्या विसरलेल्या नाहीत. आणि माझ्या चुकीवर त्यांच्या घराला कुलूप लावू नका."

महिनाअखेर आली आणि गेली. कवायतबाई आपल्या खिडकीत आहेत. मुलगा आता रविवारी फोन करून नुसतं विचारतो, जेवलीस का.

मला वाटलं होतं, आता माझे दिवस येतील. छे. दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी धाकटी पदर खोचून बसली आणि तिने माझं घरदार बदललं. गाठ सोडली, ते ठीक. पण मग तिने टोपली आणली.

ही बया म्हणजे वेबसाइटच्या दाराशीच ठेवलेली एक तात्पुरती जागा. माणसाने काहीही केलं की त्याची नोंद आधी टोपलीत पडते आणि माणूस न थांबता पुढे जातो. कुणी माझ्या दाराशी उभं राहत नाही. टोपली भरली, किंवा थोडा वेळ झाला, की ती सगळ्या नोंदी एकदम माझ्या अंगावर ओतते आणि मी एका दमात लिहितो. शंभर वेळा दार उघडण्यापेक्षा एकदा उघडणं बरं, असं धाकटी नवऱ्याला सांगत होती. माझे दागिनेही उतरवले. वेळेची एक पट्टी ठेवली, बाकी सगळ्या काढल्या. "लिहिताना ओझं होतं," म्हणाली. माझं ओझं. लाडोबाच्या पट्ट्यांना हात लावला नाही.

साइट पळायला लागली, हे मी नाकारत नाही. संध्याकाळी चक्र फिरायचं बंद झालं. पण श्रेय कुणाला? टोपलीला. थोरल्याला टोपली म्हणजे काय ते ठाऊक नाही. त्याला वाटतं खरंच वेताची टोपली आहे. तोही काउंटरवरून सांगतो, "आमच्या धाकटीने टोपली बसवल्यापासून काम झकास चाललंय." अंगाचा नुसता तिळपापड होतो माझ्या. ताज्या ताज्या खबरी तिच्याकडे. केस उगवायचं तेल बघणारे गृहस्थ आता तिला आधी भेटतात. माझ्याकडे पोचेपर्यंत सगळं शिळं.

एकदा वीज गेली. टोपलीत होतं नव्हतं ते सगळं गेलं, माझ्यापर्यंत आलंच नाही. मला झाला तो आनंद मी शब्दांत सांगू शकत नाही. म्हटलं आता हिची खरडपट्टी निघते. वीज आल्यावर धाकटीने बघितलं आणि नवऱ्याला म्हणाली, "थोड्या नोंदी गेल्या."

"ऑर्डर गेली का एखादी?"

"एकही नाही. त्या सरळ जातात."

"मग चालेल."

"हो, चालेल," ती म्हणाली.

चालेल. तिने ओरडायला हवं होतं. लाडोबाची एक ओळ गेली असती तर घरात चूल पेटली नसती. माझ्या गेल्या, तर चालेल. वर आता माझी साफसफाईही होते. जुन्या महिन्यांच्या नोंदी ती एकदम उचलून टाकते, म्हणजे मी हलका राहतो म्हणे. लाडोबाची सगळ्यात पहिली ऑर्डर अजून जपून ठेवली आहे.

असा मी. दागिने नाहीत, दाराशी रांग नाही, टोपलीचं उष्टं लिहून घेतो. तरी परवाचं एक सांगतो आणि थांबतो.

कवायतबाईंनी बटण दाबलं. गोळ्यांचा साठा त्याच मिनिटाला दुसऱ्या कुणी संपवला होता, ऑर्डर फसली. त्यांनी पुन्हा दाबलं, तोवर थोरल्याने नवीन खोकं चढवलं होतं, ऑर्डर लागली. लाडोबाकडे एकच ओळ गेली, लागलेली. माझ्याकडे दोन्ही आल्या. धाकटीने माझ्याकडे पाहिलं आणि आपणहून फोन केला.

"आजी, पहिल्यांदा अडकलं ना?"

"अडकलं. तुला कसं कळलं?"

"दिसलं इथे."

"बरं झालं. मी म्हणणार होते, पण म्हटलं परत तुम्ही म्हणाल म्हातारी विसरली."

"नाही म्हणणार, आजी."

तिने लाडोबाला विचारलंच नाही. विचारून तो सांगणार काय? त्याच्याकडे तडीस गेलेल्याच गोष्टी राहतात. लोक दाबतात, चुकतं, स्वतःला नावं ठेवतात, पुन्हा दाबतात, त्यातलं त्याला काही ठाऊक नसतं. मी त्याच्यावर जळतो, उद्याही जळेन. पण ही एक गोष्ट त्याच्या ताटात कधी पडायची नाही.

म्हणून धाकटे, एवढं ऐक. पुढच्या साफसफाईला येशील तेव्हा लागलेल्या ऑर्डरींच्या ओळी खुशाल काढून टाक, त्या लाडोबाकडे आहेतच. फसलेल्या तेवढ्या राहू दे. त्यांना दुसरं घर नाही.